घोड्याला पावती, माणसाला पडताळणी

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी घोड्याचं तोंड फाकवतो. दात बघतो. मग अंगावरचे भोवरे बघतो, खूर उचलतो, दहा पावलं पळवून बघतो. मारवाडी आहे, काठेवाडी आहे, पंजाबी आहे, की नुसतंच टांग्याचं तट्टू आहे ते तिथल्या तिथं ठरतं. पैसे मोजले, बाजाराची पावती फाडली की घोडा टेम्पोत चढतो आणि मालक नेईल तिकडं जातो. गुजरात, राजस्थान, पंजाब. सीमेवर त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, १० ऑगस्ट १९५० ला तुझा आजा कुठल्या तबेल्यात बांधलेला होता?

मला विचारतात. तुला विचारतात. आणि कागद नाही निघाला तर तू महार नाहीस, मांग नाहीस, चांभार नाहीस. सरकारी कागदावर नाहीस एवढंच. गावात आहेसच. आपल्यासाठी कप वेगळा ठेवणाऱ्या हॉटेलवाल्याने आजवर कुणाकडं जातवैधता प्रमाणपत्र मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खोली भाड्यानं देणारी बाई आडनाव विचारते आणि दोन मिनिटांत निकाल देते. तिच्याकडं दक्षता पथक नाही, वकील नाही, तारीख नाही. एवढी जलद पडताळणी सरकारला कधी जमली नाही.

माझा मामा याच सारंगखेड्याचा. १९९० च्या सुमाराला दोंडाईच्याला गाडीत बसला आणि सुरतेत उतरला. निम्मं खानदेश तिथंच उतरतं. लिंबायत, उधना, पांडेसरा, कुठंही जा, अहिराणी कानावर येते. मामा लूमवर बारा बारा तास उभा राहिला. लूमच्या शेठनं दाखला मागितला नाही. घाम गाळायला दाखला लागत नाही, हे गोदीत पाठीवर माल वाहणाऱ्यानं तुला सांगायची गरज नाही. पोरगा तिथंच जन्मला, तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, दहावी झाला. म्हणाला, आयटीआयला जातो, फिटर होतो. डॉक्टर नाही म्हणाला, कलेक्टर नाही म्हणाला. फिटर.

खिडकीवरचा म्हणाला, बाप महाराष्ट्राचा ना? मग बापाचा तिकडचा दाखला आणा. बापाकडं दाखला नव्हता. कशाला असेल? लूमचा धोटा जात विचारत नाही. मामा आठ दिवसांचा खाडा करून इकडं आला, अर्ज टाकला. इकडचा कारकून म्हणाला, १९५० च्या आधीचा पुरावा. आजाचा शाळेचा दाखला. आजा शाळेत गेलाच नव्हता, त्याला शाळेच्या पायरीवर कोण उभं करत होतं? मग सातबारा. जमीन नव्हती. मग कोतवाल बुक, गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंदवही. ती कुठं? गाव जागचं हललं नाही, पण आधी पश्चिम खानदेश जिल्हा होता, मग धुळे झाला, १९९८ साली नंदुरबार झाला. माणूस शहाद्याहून नंदुरबारला, नंदुरबारहून धुळ्याला. जुन्या दप्तरात एक पान सापडलं, त्याच्या अर्ध्यावर वाळवी. आमच्या आजाचा जन्म वाळवीनं खाल्ला.

अर्ज पडून राहिला. आता पोट काही अर्जाबरोबर फायलीत पडून राहत नाही. पोरानं लूम सोडला, डाइंगमध्ये लागला, खोली बदलली. डाइंग बंद पडली तसा माझ्याकडं मुंबईला आला, कंत्राटदाराच्या हाताखाली गोदीत लागला. दीड वर्षात तीन कामं, तीन पत्ते. चौकशीची नोटीस गेली पहिल्या खोलीवर. तिथं नवा भाडेकरू, ओडिशाचा. पाकीट परत. फायलीवर शेरा पडला, अर्जदार गैरहजर. आणि फाईल बंद. मामानं मला फोनवर विचारलं, "मी मंग कोठना शे रे भाऊ?"

या प्रश्नाला उत्तर आहे. कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणून तर डोकं फिरतं.

घटनेच्या ३४१ व्या कलमात अनुसूचित जातींची यादी राज्यवार करायची तरतूद आहे. 'त्या राज्याच्या संबंधात', एवढ्या तीन शब्दांवर सगळा डोलारा उभा. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला, आदिवासींचा ६ सप्टेंबर १९५० ला. त्या दिवशी तुझे बापजादे कायमचे जिथं राहत होते, त्या राज्याचा तू. कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलास तर तिथं तुला बापाच्या दाखल्यावरून स्थलांतरिताचा दाखला मिळेल. म्हणजे तू अस्पृश्याच्या पोटचा आहेस हे ते राज्य कबूल करील. पण त्या राज्याची राखीव जागा मिळणार नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तुझी जात देशभर चालते. राज्याच्या आयटीआयत, राज्याच्या कॉलेजात, राज्याच्या नोकरीत चालत नाही.

१९९० साली सर्वोच्च न्यायालयात हे पक्कं झालं. मर्री चंद्रशेखर राव नावाचा आंध्रातला आदिवासी मुलगा. बाप केंद्राच्या खत कारखान्यात राखीव जागेवर लागला आणि मुंबईला आला. मुलगा मुंबईतच वाढला. मेडिकलला राखीव जागेवर गेला तर सांगितलं, तू आंध्रात आदिवासी, इथं नाहीस. बाप मुंबईत आदिवासी म्हणून पगार घेतो आणि त्याच घरात, त्याच भाकरीवर वाढलेला पोरगा आदिवासी नाही! कोर्ट म्हणालं, बरोबर आहे. १९९४ साली आणखी एका निकालात सांगितलं, की दोन्ही राज्यांच्या यादीत एकाच नावाची जात असली तरी उपयोग नाही. २०१८ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं यावर शिक्का मारला. दिल्लीपुरती वेगळी वाट ठेवली. दिल्लीत राजधानी आहे. सुरतेत आमचा मामा आहे.

कोर्टाचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. धोबी उत्तर प्रदेशात अनुसूचित जात आहे, महाराष्ट्रात परीट ओबीसीत आहे. जातीचे चटके प्रांताप्रांतात वेगळे. पण महाराचं काय? महार महाराष्ट्राच्या यादीत आहे, गुजरातच्याही यादीत आहे. दोन्ही सरकारांनी मान्य केलंय की या माणसाला गावानं माणूस मानलेलं नाही. मग तापी खालच्या अंगाला वाहत सुरतेला पोचली आणि तिच्या काठाकाठानं मामा पोचला, तेवढ्यात त्याचा छळ संपला का?

आणि आता खरी गंमत ऐक. १० ऑगस्ट १९५० ला सारंगखेडा कुठं होतं? मुंबई राज्यात. सुरत कुठं होती? मुंबई राज्यात. एकच राज्य, एकच राजधानी. त्या दिवशी माझा आजा उठून सुरतेला गेला असता तर तो गेला असता नुसता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात. रेघ पडली १ मे १९६० ला. त्या रेघेसाठी माणसं हुतात्मा झाली, त्यांची जात काढायला मी बसलेलो नाही. पण रेघ मारताना पश्चिम खानदेशातली गावंच्या गावं तोडून तिकडं दिली, आजचा निझर तालुका त्यातलाच. तिथल्या माणसाला कुणी विचारलं नाही. एकाच नदीकाठचे, एकाच बोलीचे, सोयरीक असलेले लोक. अलीकडचा तो इकडचा, पलीकडचा तो तिकडचा. रेघेच्या आधी एका घरात असलेले दोन भाऊ रेघेनंतर एकमेकांच्या राज्यात परके. ज्या तारखेवर आमची लायकी ठरवता त्या तारखेला ही रेघच नव्हती, हे कुठल्या खिडकीवर जाऊन ओरडायचं? २०२१ साली बिहार-झारखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तोडलेल्या राज्यातल्या सरकारी नोकरांना दोन्हींपैकी एका राज्यात हक्क मागायची मुभा दिली. चांगलं केलं. मामा सरकारी नोकर नाही.

बरं, पोरानं म्हटलं, सुरतेत नाही तर महाराष्ट्रात घेतो प्रवेश, जात तर इकडची आहे. इकडं मागितलं डोमिसाइल. पंधरा वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य. पोरगा जन्मला सुरतेत! म्हणजे जात इकडं, राहणं तिकडं. तिकडं म्हणतात जात दाखव, इकडं म्हणतात घर दाखव. धोब्याचा कुत्रा म्हणायचीही सोय नाही, धोब्याची यादी वेगळी.

रविवारच्या पुरवण्या वाचतोस? त्यात अमेरिकेतल्या मराठी पोरांच्या ग्रीन कार्डाचं दुःख छापून येतं. अर्ज पडून आहे, नोकरी बदलता येत नाही, शहर बदलता येत नाही, आईवडिलांना भेटायला येता येत नाही. मी ते दुःख खोटं मानत नाही. कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातले सात टक्केच, त्यामुळं भारतातल्या माणसाची रांग दशकांची. तोवर मालकाच्या दावणीला. दावण सोन्याची असली तरी दावणच. पण त्या परक्या देशाचा कायदा बघ. २००० सालापासून तिथं सोय आहे. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज नोंदवून १८० दिवस झाले, की तशाच प्रकारच्या कामावर दुसऱ्या मालकाकडं जाता येतं, अर्ज मरत नाही. न्यूजर्सीहून टेक्सासला जा, दहा दिवसांत नवा पत्ता कळव, अर्ज तुझ्या मागोमाग येतो.

परक्याला १८० दिवस. आणि घरच्याला? १९५० पासून आज पंचाहत्तर वर्षांच्या वर होऊन गेली. आम्ही व्हिसा मागत नाही. या देशाचे नागरिक आहोत, मतदान करतो, गटारात उतरतो, जहाजाच्या पोटात उतरतो. आणि आमचा अर्ज पोरानं खोली बदलली म्हणून मरतो.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी जातही नेली बरोबर, लोणच्याच्या बरणीबरोबर. इतकी नेली की फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराच्या नगरसभेला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी लागली. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. म्हणजे जात विमानात बसते, दोन महासागर ओलांडते आणि तिकडच्या नगरसेवकांना दिसते. जातीवरचा उतारा मात्र नवापूरच्या नाक्यावर खाली उतरवून ठेवतात.

सारंगखेड्याचा बामण सुरतेला गेला तर काय होतं? काही होत नाही. त्याची जात कुठल्याही राज्यात वैध. त्याला पूजा मिळते, खोली मिळते, ओळखीनं नोकरी मिळते. हजारो वर्षांची राखीव जागा त्याला, आणि तिला स्थलांतराचा नियम नाही.

आता आपल्यातल्यांकडं वळतो. मला माहीत आहे हा लेख वाचून कोण काय म्हणणार. नाक्यावर म्हणाले, तोंडावर म्हणाले. "उद्या आंध्रातले माला येतील, यूपीचे जाटव येतील, गुजरातचे मेघवाळ तर आहेतच. आपल्या जागा कमी होतील. कोर्टानं बरोबर केलं." वा रे पँथर! ही भाषा कुणाची आहे, आठव. भूमिपुत्राची. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत ती भाषा बोलणारे आपल्या अंगावर आले होते. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड टाकून भागवत जाधवला मारलं. तो जन्मानं भूमिपुत्रच होता. त्याचं काय भलं झालं त्यानं?

गोदीत माझ्या टोळीत आंध्रचा एक माला आहे, एक मेघवाळ आहे, दोघे जाटव आहेत. गोणी फाटून केमिकल अंगावर पडलं तर कातडी चौघांची सारखी सोलते. मेघवाळाच्या आजानं मुंबईचा मैला डोक्यावरून वाहिला. या शहरानं त्याच्याकडून घाण घेताना विचारलं नाही, की तू १९५० च्या आधीचा का नंतरचा. आज त्याच्या पोरीला नर्सिंगला जायचंय तर तारीख विचारतं. आणि तू, जयभीमवाला, त्या खिडकीमागं कारकुनाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतोस? सुरतेच्या खिडकीवर माझ्या मामाच्या पोराला हाकलणाऱ्यात आणि तुझ्यात फरक काय? तिकडच्या वणकरानं म्हटलं, की हे खानदेशी महार आमच्या जागा खातील, तर तू त्याला काय तोंड दाखवशील?

जागा कमी होऊ न देताही हे करता येतं. स्थलांतरितांना स्थानिकांच्या टक्क्यातून देऊ नका, वर वाढवून द्या. अधिसंख्य द्या. अधिसंख्य हा शब्द सरकारला नवीन नाही. ज्यांची आदिवासी प्रमाणपत्रं अवैध ठरली त्या नोकरदारांना सांभाळण्यासाठी २०१९ साली महाराष्ट्र शासनानं अधिसंख्य पदं काढलीच की. अवैधासाठी खुर्ची वाढवता येते, तर जो खराखुरा आहे आणि फक्त गाव सोडून आलाय त्याच्यासाठी का येत नाही?

हो, बोगस आहेत. पडताळणी नको, असं मी म्हणत नाही. खऱ्या आदिवासींच्या जागांवर खोटे कागद घेऊन माणसं निवृत्तीपर्यंत बसली. १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून या समित्या आल्या, त्यावर राज्यानं कायदा केला, २०१७ साली कोर्टानं सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी जाईलच. जायलाच पाहिजे. पण चाळणी कशी लावली बघ. बोगस माणूस पैसेवाला असतो. त्याच्याकडं कागद असतो, कागद करवून घ्यायची ऐपत असते. ज्याच्याकडं कागद नाही तो बहुतेक वेळा खरा असतो, कारण खऱ्याला शाळा नव्हती, जमीन नव्हती, नोंद नव्हती. आमच्यावर अन्याय झाला म्हणून आमच्याकडं पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून अन्याय झालाच नाही. अशी ही चाळणी. खडे वर राहतात, दाणे खाली पडतात.

त्यात आपला बौद्धांचा आणखी एक पेच. आजाच्या नोंदीत महार. बापाच्या दाखल्यावर बौद्ध. पोराच्या दाखल्यावर मास्तरला वाटलं म्हणून हिंदू महार. १९५६ ला धर्म सोडला, केंद्रानं बौद्धांना यादीत घ्यायला १९९० उजाडलं. तीन पिढ्यांचे तीन शब्द, आणि दुसऱ्या राज्यातला कारकून म्हणतो, हे तिघं एका घरातले कशावरून?

शहाद्याच्या भिल्लाचं यापेक्षा वेगळं नाही. याच तालुक्यात अंबरसिंग सुरतवंतीनं भिल्लांना उभं केलं, १९७२ ला श्रमिक संघटना झाली, जमिनी सोडवल्या. आज त्याच भिल्लांची पोरं दिवाळी झाली की उचल घेऊन गुजरातच्या उसात कोयता चालवायला जातात. सहा महिने पालात. तेवढ्यात इकडं वनहक्काच्या दाव्याची पाहणी निघते, दावेदार हजर नाही. जिथं पोट नाही तिथं हजर राहा, आणि जिथं पोट आहे तिथं तुम्ही कुणी नाही.

बाबासाहेब काय सांगून गेले? घटना समितीत उभं राहून त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं ठरवलं. गाव सोडा, शहरं गाठा, हे त्यांचं आपल्याला सांगणं. त्यांच्या नावानं शपथ घेणारं सरकार आम्हाला काय सांगतं? गावाला चिकटून राहा. सोडलंस तर हक्क सोडलास. आणि हक्क मागायचा असेल तर परत त्याच गावात ये. ज्या चावडीसमोरून तुझा आजा चपला हातात घेऊन जात होता त्याच चावडीच्या दप्तरातून शोधून काढ, की तो चपला हातात घेऊनच जात होता. ज्यांच्या बापानं आजाला बाहेर ठेवलं त्यांच्याच पोराला म्हण, भाऊ, सही दे, की तुझ्या बापानं माझ्या आजाला बाहेर ठेवलं होतं. तो हसतो. चहा पाजतो. उद्या या म्हणतो.

मामा असा चार वेळा गेला. चौथ्या वेळी यात्रा होती. दत्ताच्या देवळाला रांग लागलेली, पलीकडं घोड्यांच्या रांगा. मामा घोडे बघत उभा राहिला. लाखांच्या बोली चालल्या होत्या. घोड्याची आई कोण, बाप कोण, सगळं दलालाला तोंडपाठ. लिहिलेलं काही नाही. नुसत्या बोलण्यावर लाखांचा सौदा. आणि पाचशे पावलांवर कचेरीत मामाच्या बोलण्यावर एक दाखला मिळत नव्हता.

मागायचं ते सरळ मागू. अर्ज अर्जदाराच्या मागं फिरला पाहिजे. माणसानं काम बदललं, खोली बदलली, राज्य बदललं तरी फाईल बंद करता कामा नये. ती नव्या पत्त्याच्या कचेरीकडं पाठवायची, आणि जुना पुरावा शोधायचा तो कचेऱ्यांनी आपसांत. टपाल आहे, कॉम्प्युटर आहे. आजाची नोंद वाळवीनं खाल्ली तर ती वाळवी सरकारची, सरकारनं निस्तरावी. १९५० ला जे एका राज्यात होते आणि ज्यांची जात आज दोन्ही याद्यांत आहे, त्यांना दोन्हींपैकी एका राज्यात हक्क, जिथं राहतात तिथं. आणि बाकीच्या स्थलांतरितांना वाढीव जागा. यातली कुठली मागणी अशी आहे की ती ऐकून आभाळ कोसळेल?

पोरगा सध्या माझ्याच खोलीवर आहे. रात्रपाळी करतो. नवा अर्ज टाकलाय, त्यावर माझा पत्ता घातलाय. खोलीमालक खोली खाली करा म्हणतोय. मी म्हटलं, नोटीस येईपर्यंत हलत नाही.

ज्यांच्या घरात असा अडकलेला अर्ज आहे त्यांनी लिहून पाठवा. गाव कुठलं, अर्जाची तारीख काय, मधे कामं किती बदलली, फायलीवर शेरा काय पडला. पुढच्या अंकात छापू. नाव नको असेल तर नाव नाही घालणार. पत्ता बदलला असेल तर जुना आणि नवा, दोन्ही लिहा.